कुंपणापलीकडची गादी

कंपाउंडर तो बाण दोन बोटांत धरून घेऊन आला, मेलेला उंदीर उचलून आणावा तसा. दुकानाच्या पायरीपाशी थांबला, आत आला नाही.

"हा तुमचाच ना?"

गादीवाला मांडीवर गादीचं टोक घेऊन कडा शिवत होता. दातांत दोरा, हातात वीतभर लांब सुई, भुवयांवर कापसाची लव. एरवी कंपाउंडर यायचा तो रस्त्यातूनच "काय रे, आहेस का गेलास?" असं ओरडत यायचा. आज तो 'तुमचा' म्हणाला, तिथेच गादीवाल्याने ओळखलं की काहीतरी बिनसलंय.

"माझा कशाला असेल? सूनबाईचा आहे. कुठे मिळाला?"

"वांग्याच्या वाफ्यात. मी पाणी घालत होतो. हातभर अलीकडे पडला असता तर आत्ता तुमच्याशी बोलायला मी नसतो."

"पडला नाही ना पण हातभर अलीकडे?"

हे बोलायला नको होतं. पण गादीवाल्याचं तोंड म्हणजे उघडी मोरी. काय वाहून येईल त्याचा नेम नाही. वर आणखी म्हणाला, "सगळ्या गल्लीच्या ढुंगणात सुया खुपसल्यास जन्मभर. तेव्हा कोणाला भीती वाटते का ते विचारलं होतंस? आता एक बाण वांग्यात काय पडला, तर तोंड एवढंसं."

कंपाउंडर हसला नाही. दवाखान्यातून निवृत्त होऊन आता त्याचा सगळा जीव त्या वाफ्यांत होता. त्याने बाण पायरीवर ठेवला आणि हात धोतराला पुसला.

"मी तक्रार देणार आहे. हा रहिवासी भाग आहे."

"दे. आणि जाताजाता ती तुझी गादी पिंजायला टाक. कापूस मेलाय तिच्यातला. त्या गुठळ्यांवर झोपून झोपून तुझं डोकं असं झालंय."

हा टोमणा जुना होता. गादीवाल्याच्या बापाने शिवलेली ती गादी कंपाउंडरने लग्नापासून पिंजून घेतली नव्हती. टाके उसवलेले, कापूस एका बाजूला गोळा झालेला, मध्ये खड्डा. गादीवाल्याला ती गादी नुसती दिसली तरी दात शिवशिवायचे. त्याच्या धंद्यात सगळं घट्ट हवं. भिंतीवर बापाची धनुकली टांगलेली होती, कापूस पिंजायची. मशीन आल्यापासून तिला काम नव्हतं, पण तिची तात, म्हणजे दोरी, तो अजूनही ताणून ठेवायचा. बाप शिवण बघायला अंगठा दाबायचा आणि अंगठा आत गेला की पोराच्या पाठीत धपाटा घालायचा. तेव्हापासून सैल म्हटलं की गादीवाल्याची पाठ आपोआप ताठ व्हायची.

कंपाउंडर निघून गेला. गादीवाल्याने बाण उचलून आत नेला.

सूनबाई मागच्या अंगणात भांडी घासत होती. बाण बघितल्याबरोबर तिचे हात राखेतच थांबले.

"कुठे मिळाला, बाबा? मी सकाळपासून शोधतेय."

"कंपाउंडरच्या वांग्यात. लागलं कोणाला नाही. पण तो बोंबलत गेलाय."

"वारा होता," ती म्हणाली. मग लगेच, "वाऱ्याला काय बोल लावायचा. माझंच सुटलं."

हिचं हे गादीवाल्याला आवडायचं. चुकलं तर चुकलं म्हणायची. सून होऊन आली तेव्हा पेटीत कपड्यांखाली बाणांचा भाता निघाला होता, आणि सासू दोन दिवस घाबरून तिच्याशी नीट बोलली नव्हती. मुलगा ट्रकवर. तो महिन्यातून एकदा उगवायचा, अंघोळ करून झोपायचा आणि जायचा. सूनबाई घरातलं सगळं आटपून शहरातल्या मैदानावर जायची, तिथे क्लबने तिला एक धनुष्य वापरायला दिलं होतं. पण मैदान उघडायचं सकाळी, आणि नळाला पाणी यायचंही सकाळी. सासूच्या गुडघ्यांनी संप पुकारला, तेव्हा मैदान सुटलं. मग अंगणातच सराव सुरू झाला. अंगण लांबलचक होतं, एका टोकाला मोरी, दुसऱ्या टोकाला काटेरी तारेचं कुंपण, आणि कुंपणापलीकडे कंपाउंडरचं घर. पूर्वी तिथे नुसतं माळरान होतं. प्लॉट पडले, घरं आली, आणि कोपऱ्यावर 'रहिवासी भाग' अशी पाटी लागली.

उन्हाळा संपता संपता सरकारी धनुर्विद्या केंद्राची निवड चाचणी होती. तीत लागली तर वर्षभर केंद्रात राहायचं, जेवण, धनुष्य, शिकवणारे सगळं त्यांचं. नाही लागली तर क्लबचं धनुष्य परत. पुढच्या वर्षी तिचं वय उलटत होतं. म्हणजे हीच वेळ, आणि नाहीतर जन्मभर भांडी. हे ती कधी बोलून दाखवायची नाही. गादीवाल्याला मात्र दुकानात बसल्या बसल्या आठवायचं आणि सुई बोटात घुसायची.

टार्गेट त्यानेच बनवलं होतं. गवताची जाड गुंडाळी करून, पायाने दाबून, दोरीने असं काही आवळलं होतं की क्लबचे सर येऊन बघून गेले. बाण त्यात टोकापुरता रुतायचा आणि ताठ उभा राहायचा. "असं दाबून आमच्याकडेही कोणी बनवत नाही," असं सर म्हणाले, तेव्हापासून गादीवाला गिऱ्हाइकांनाही ते टार्गेट दाखवायला मागे न्यायचा.

त्या संध्याकाळी सूनबाईने माळ्यावरून दोन फाटक्या रजया काढल्या, एकीवर एक टाचल्या आणि टार्गेटच्या मागे, कुंपणाच्या अलीकडे, दोरीवर टांगल्या. टार्गेट चुकलं तर बाण रजईने अडवायचा. खालचं टोक जमिनीवर लोळत होतं. मध्ये पोट सुटलेलं.

"हे काय लक्तर लावलंस?" गादीवाला म्हणाला.

"सरांनी सांगितलंय. चुकलेला बाण याच्यात अडतो."

तिने मुद्दाम एक बाण टार्गेटच्या बाजूला सोडला. रजई जराशी मागे गेली, बाणाला घेऊन पुन्हा पुढे आली आणि बाण तिच्यात अडकून खाली मान घालून लोंबत राहिला. गादीवाल्याने जवळ जाऊन कापूस चाचपला. "चांगला कापूस आहे अजून," तो म्हणाला. कापसालाच त्याने सगळं श्रेय देऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेचा शिपाई निरोप घेऊन आला. तक्रार आली आहे, येऊन भेटा.

गादीवाला धुतलेला सदरा घालून गेला. खिडकीवरच्या कारकुनाने त्याला आधी नळजोडणीच्या रांगेत उभं केलं, मग त्या रांगेतून काढून भटक्या कुत्र्यांच्या तक्रारींच्या रांगेत. शेवटी आपलं म्हणणं सांगायची वेळ आली तेव्हा सदऱ्याची पाठ घामाने चिकटली होती.

"धनुष्यबाण?" कारकून म्हणाला. "ते आमच्याकडे येत नाही. चौकीवर जा."

"मग बोलावलंत कशाला?"

"तक्रार आमच्याकडे आली म्हणून."

चौकीवर जमादार पंख्याखाली बुटांच्या नाड्या सोडून बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं. ऐकताना त्याला मजा वाटत असावी, कारण मध्येच त्याने दुसऱ्या शिपायालाही ऐकायला बोलावलं.

"कोणाला लागला का बाण?"

"नाही."

"मग गुन्हा नाही."

"म्हणजे चालेल?"

"चालेल असं मी कुठे म्हणालो? लागला तर गुन्हा."

"लागायच्या आधी काय?"

"आधी नगरपालिका."

"त्यांनी तुमच्याकडे पाठवलंय."

"त्यांना काय, कोणालाही पाठवतात." जमादार नाड्या बांधायला वाकला. "धनुष्य घरात ठेवायला परवाना लागत नाही. ते माझ्याकडून ऐकून जा. बाण सोडायला लागतो का, ते मला माहीत नाही. पोरीला म्हणावं, कॅरम खेळ."

शिपाई खिदळला. गादीवाला हात जोडून बाहेर आला. हात कशाला जोडले याचा त्याला रस्ताभर राग येत राहिला.

अशा चार खेपा झाल्या. दुकानात मापं घेतलेल्या गाद्या तशाच पडून राहिल्या, आणि एक जुनं गिऱ्हाईक वैतागून फोमची गादी घेऊन गेलं. शेवटच्या खेपेला कारकुनाने एवढंच सांगितलं की ओव्हरसियर साहेब स्वतः येऊन जागा बघतील. मागे नीट अडोसा असेल, बाण बाहेर जात नसेल, तर कुंपणाच्या आत सरावाला हरकत नाही असं ते लिहून देतील.

"आणि तोवर?"

"तोवर बंद."

"साहेब कधी येतील?"

"येतील तेव्हा येतील. मोकळे थोडेच बसलेत?"

सराव बंद झाला. सूनबाई खांबाला सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधून ती नुसती ओढत बसायची. पट्टी कानापर्यंत ओढायची, धरायची, सोडायची. हाताला काम मिळत होतं, डोळ्याला नाही. रोज संध्याकाळी ती विचारायची, "बाबा, आले होते का हो?" आणि गादीवाला रोज तिच्यावरच खेकसायचा, "आले असते तर सांगितलं नसतं का?" मग तोंड फिरवून पुन्हा कापसात बसायचा. बायको आतून म्हणायची, "तिच्यावर कशाला डाफरता? त्या कंपाउंडरला काय ते बोला."

"त्याचं तोंड बघायची इच्छा नाही मला."

कंपाउंडरचंही तेच होतं. वांग्यांना पाणी घालताना तो आता या बाजूला पाठ करायचा. कंपाउंडरीणबाई कधी कुंपणापाशी येऊन सासूच्या गुडघ्यांची चौकशी करायची, तर तो घरातून खाकरायचा.

आणि एका दुपारी शिपाई येऊन सांगून गेला, उद्या सकाळी साहेब येणार.

गादीवाल्याने अंगणात जाऊन सगळीकडे नजर फिरवली. टार्गेट झकास होतं. मोरी बायकोने घासून घेतली होती. पण ती रजई. इतके दिवस उन्हात लोंबून तिचा रंग गेला होता, खालचं टोक कोंबड्यांनी टोचलेलं. साहेब येणार, गल्ली जमणार, आणि गादीवाल्याच्या घरी हे असं पोट सुटलेलं लक्तर. त्याला ते सहनच होईना. बापाचा धपाटा पाठीत बसल्यासारखं झालं.

त्या दिवशी सूनबाई सासूला दवाखान्यात घेऊन गेली होती. गादीवाल्याने दुकान अर्ध्यावर ओढलं आणि कामाला बसला. रजया उसवल्या, कापूस झटकला, ताजा कापूस घातला, कोऱ्या खादीत भरला आणि वर काठीने बडवून बडवून सपाट केला. मग जवळजवळ टाके घातले, बोटाचं पेर मावणार नाही इतके. बांबूची चौकट केली आणि चारी बाजूंनी दोरीने रजई तीत आवळली. शेवटी पाय लावून दोरी ओढताना त्याच्या मनगटाची शीर टर्रकन फुगली. टिचकी मारली तर रजई ढोलासारखी वाजली. त्याने अंगठा दाबून बघितला. अंगठा जागचा हलला नाही. कितीतरी दिवसांनी त्याला बरं वाटलं.

दोघी परत आल्या तेव्हा अंधार पडत आला होता. सासूला पलंगावर बसवून सूनबाई अंगणात आली आणि जागीच थबकली.

"बाबा, हे ताणलंय."

"मग? साहेबाला लक्तर दाखवू?"

"तसं नाही. पण सर म्हणाले होते, मागचं कापड सैल सोडायचं. ताणलं की..."

"सूनबाई," गादीवाला सुई पाकिटात ठेवत म्हणाला, "तू बाण मार. गाद्या मला शिकवू नकोस."

ती क्षणभर उभी राहिली. तिच्या ओठांवर पुढचं वाक्य आलेलं त्याला दिसलं. मग तिने ते गिळलं आणि चुलीकडे गेली. सासरा दिवसभर तिच्यासाठी राबला होता, त्याच्या बोटांना सुईची भोकं पडली होती. त्या बोटांकडे बघून सून आणखी काय बोलणार?

साहेब आले ते उन्हं चांगली चढल्यावर. ओव्हरसियर म्हणजे तरुण माणूस, टोपी घातलेला, सारखा घड्याळात बघणारा. बरोबर कारकून आणि शिपाई. तक्रारदार म्हणून कंपाउंडरही या बाजूला आला आणि मोरीजवळ हाताची घडी घालून उभा राहिला. गल्लीतली माणसं भिंतीवरून बघत होती.

साहेबाने पावलांनी अंतर मोजलं. टार्गेटला हात लावला. मग मागच्या रजईपाशी जाऊन तिच्यावर मूठ आपटली.

"हे कोणी केलं?"

"मी," गादीवाला म्हणाला.

"मजबूत आहे. असं पाहिजे." साहेबाने कारकुनाकडे बघितलं. "मला वाटलं होतं, एखादी चादरबिदर लावली असेल."

गादीवाल्याने कंपाउंडरकडे अशी काही नजर टाकली की बास. कंपाउंडरने दुसरीकडे बघितलं.

"मारून दाखवा," साहेब म्हणाला.

सूनबाईने तीन बाण मारले. तिन्ही टार्गेटमध्ये मधोमध. इतके दिवस बंद असूनही. भिंतीवरून कोणीतरी "वा" म्हणालं.

"ते ठीक आहे," साहेब म्हणाला. "पण तक्रार चुकलेल्या बाणाची आहे. आता मुद्दाम चुकवा. मागच्या त्या पडद्यावर मारा."

सूनबाईने धनुष्य उचललं नाही. तिने गादीवाल्याकडे बघितलं. गादीवाल्याला ती नजर चांगली समजली, आणि समजूनही त्याने मान डोलावली. मार म्हणाला. साहेबाने मूठ मारून बघितली होती, आता आणखी काय हवं?

"साहेब, पलीकडे कोणी आहे का ते आधी बघू द्या," ती म्हणाली.

"कोणी नाही," कंपाउंडर मोरीजवळून म्हणाला. "बायको आत आहे. आता जे काय व्हायचं ते माझ्यासमोर होऊ द्या."

तिने दोरी ओढली, कानापर्यंत, आणि सोडली.

टप्प असा आवाज झाला. टिचकी मारल्यावर व्हायचा तसाच. रजईवर बाण नव्हता. खादीला एक भोक तेवढं होतं, आणि त्यातून पलीकडचं ऊन दिसत होतं.

मग कुंपणापलीकडून कंपाउंडरीणबाईचा आवाज आला. किंचाळणं नाही. नुसतं "अगं आई" असं, बसकं.

सगळे धावले. तारेत गादीवाल्याचा सदरा अडकून फाटला, तो तसाच पुढे गेला. कंपाउंडरीणबाई आत नव्हतीच. आज या घरी माणसं जमणार, आपल्याकडे कोणी डोकावलं तर बरं दिसावं, म्हणून तिने घरातली गादी उन्हात टाकायला काढली होती. तीच ती गादी. अंगणातल्या दोरीवर ती मधोमध घडी घालून लोंबत होती, आणि बाई तिच्यामागे उभी राहून काठीने ती झटकत होती. आता काठी खाली पडली होती. बाई मातीत बसली होती, आणि तिच्या छातीच्या उंचीवर गादी अजून हळूहळू मागेपुढे होत होती. बाण तिच्यात घुसला होता. पलीकडे आला नव्हता. गुठळ्या झालेल्या मेल्या कापसात तो अडकला होता आणि शेपटी खाली करून लोंबत होता.

कंपाउंडर बायकोपाशी बसला. जन्मभर लोकांच्या नाड्या बघितलेल्या त्या माणसाला तिचा हात नीट धरता येईना.

सूनबाई कुंपणाच्या अलीकडेच थांबली होती. तिने धनुष्य जमिनीवर ठेवलं आणि स्वतः बाजूला बसली.

"माझा हात हलला," ती म्हणाली, कोणालाच उद्देशून नाही. "माझाच हात हलला."

"तुझा हात हलला नाही," गादीवाला म्हणाला. तो साहेबाकडे वळला. "साहेब, हिची चूक नाही. आधी रजई सैल होती, तिच्यात बाण अडायचा. मी ताणली. ही मला म्हणाली होती, ताणू नका म्हणून. मी ऐकलं नाही. शिवण माझी आहे."

साहेबाने टोपी काढून घाम पुसला. मारा असं त्यानेच सांगितलं होतं, आणि ते त्याला आठवत होतं. म्हणूनच तो मोठ्याने बोलला.

"शिवणीचं मला काय सांगता? रहिवासी भागात हे चालणार नाही. विषय संपला. धनुष्य जप्त करा."

शिपायाने धनुष्य उचललं, ते दोरीला धरून. सूनबाई म्हणाली, "दोरीला धरू नका, मधे धरा." एवढंच बोलली. शिपायाने ऐकलं नाही.

धनुष्य सोडवायला पुन्हा त्याच खिडकीवर, त्याच रांगेत, त्याच पंख्याखाली. जमादार आता हसत नव्हता. "बाई वाचली हे नशीब समजा," तो म्हणायचा आणि उद्या या म्हणायचा. उद्या गेलं की साहेब बाहेर. गादीवाल्याने हात टेकले. शेवटी क्लबचे सर येऊन भांडले, धनुष्य क्लबचं आहे म्हणाले, आणि गादीवाल्याने अंगणात पुन्हा बाण सुटणार नाही असा अंगठा उठवला. त्याला सही येत होती. पण जमादाराने शाईचं पॅड पुढे सरकवलं होतं आणि वाद घालायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं.

धनुष्य घरी आलं तेव्हा चाचणी तोंडावर आली होती. सूनबाईने ते खुंटीला टांगलं आणि पीठ मळायला बसली.

"गावाबाहेर बंद पडलेली खाण आहे," गादीवाला म्हणाला. "तीन बाजूंनी कडा. तिथे माणूस काय, चिमणी नसते. पहाटे जाऊ."

"मी सरांना विचारलं होतं मागेच," ती पिठातून मान वर न करता म्हणाली. "दगडावर बाण आपटला की फुटतो. मागे काहीतरी लावावं लागेल. आणि तुमचं दुकान? नळाचं पाणी?"

"पाणी तुझी सासू भरेल. बसून भरेल, पण भरेल. दुकानाचं मी बघतो."

आतून बायको म्हणाली, "भरीन. गुडघे काय, असेही दुखतात तसेही दुखतात."

"आणि मागे लावायला?" सूनबाईने विचारलं.

गादीवाल्याने दुकानाकडे बघितलं. त्या ताणलेल्या रजईचे त्याने त्याच दिवशी तुकडे केले होते. दुकानात कापूस होता, खादी होती. पण आपण शिवायला बसलो की आपले हात काय करतील हे त्याला ठाऊक होतं. हात त्याचं ऐकणारे नव्हते. तो उठला, चपला घातल्या आणि कुंपणाला वळसा घालून, रस्त्याने, पुढच्या दारातून कंपाउंडरकडे गेला.

कंपाउंडर ओसरीवर बसला होता. कंपाउंडरीणबाईने आतून बघितलं आणि पाणी आणून ठेवलं. ती ठीक दिसत होती, फक्त तांब्या ठेवताना तिने तो दोन्ही हातांनी धरला.

"वहिनी," गादीवाला म्हणाला. पुढे काय म्हणायचं ते तो रस्ताभर जुळवत आला होता, ते सगळं विसरला. "मी चुकलो. पोरगी म्हणत होती, मी ऐकलं नाही. तुमच्या पायाशी यायलाही मला तोंड नाही."

बाई उंबऱ्यात बसली. कंपाउंडरने पाण्याचा तांब्या त्याच्याकडे सरकवला.

"मीच म्हणालो होतो, ती आत आहे म्हणून," तो म्हणाला. "बघून आलो असतो तर? तुझ्यावर डाव उलटावा एवढंच डोक्यात होतं माझ्या." आणि मग, "कशाला आलास?"

तो 'आलास' म्हणाला. गादीवाल्याचे डोळे भरून आले, त्याने ते बाहीने पुसले.

"तुझी ती गादी दे."

कंपाउंडरने मान वर केली. "आता? आता पिंजून देणार मला?"

"पिंजायला नको," गादीवाला म्हणाला. "आहे तशी दे."

पहाटे तो गादी डोक्यावर घेऊन निघाला. मागे सूनबाई, खांद्याला धनुष्य. गल्लीत दूधवाला उभा होता. "काय शेठ, ही कोणाची हो?" त्याने विचारलं. गादीवाल्याच्या डोक्यावर असली गादी कोणी कधी बघितली नव्हती. गुठळ्या टाळूला टोचत होत्या, आणि दोन्ही बाजूंनी गादीची टोकं त्याच्या कानांवर लोंबत होती. "माझीच," तो म्हणाला आणि पुढे चालू लागला.

टार्गेट त्याने आदल्या रात्रीच खाणीत आणून ठेवलं होतं. त्यामागे दोन बाभळी होत्या. त्यांच्यात त्याने दोरी बांधली, गादी टाकली. सवयीने खालची टोकंही त्याने दोरीने धरली, आणि गुडघा टेकवून ओढली. गादीतला खड्डा भरून आला. त्याला स्वतःलाच ते बघून बरं वाटलं, आणि त्याच क्षणी त्याचे हात थांबले.

सूनबाई पलीकडे उभी होती. त्याच्या हातांकडे बघत होती. त्याने ओढलेली गाठ सोडली. दोरी हातातून सरकू दिली.

"एवढं बास?" त्याने विचारलं.

"अजून सैल, बाबा."

त्याने आणखी सोडली. गादीचं पोट सुटलं, टोक जमिनीला लागलं.

"आता?"

ती जवळ आली, वाकून तिने गादी हाताने हलवून बघितली, आणि मान हलवली.

"अजून."

गादीवाल्याने दोरी पूर्ण सोडून दिली आणि बाजूला, दगडाच्या आडोशाला, सूनबाईच्या मागे जाऊन बसला.